खाऱ्या पाण्याचं वाळवंट

९ जानेवारी

आणि मुळात मला सांगा, स्टीलने त्यांचं काय घोडं मारलंय? सगळी दुनिया स्टीलच्या ताटात जेवते. आमच्या वाडीत सत्यनारायणाची पंगत बसते तीपण स्टीलच्या ताटातच, आणि बाबा तिथे मांडी घालून दोनदा भात घेतात. तेव्हा चालतं. पण पोराने स्टीलच्या कारखान्यात घाम गाळून पैसे पाठवले की ते चालत नाहीत. "ज्या भांड्याने माझा माठ लोकांच्या घरातून बाहेर काढला, त्या भांड्याचे पैसे मी खाणार नाही." मी मुंबईकडे आल्यापासून हेच एक वाक्य. मी पाठवतो, ते माझ्या बहिणीच्या, सुलूच्या खात्यात पडतात आणि तिथेच पडून राहतात. मागच्या पावसात घर गळलं. आईने टोप मांडले. पैसे मात्र खात्यात कोरडे.

आज फोनवर परत तेच झालं म्हणून ही वही काढली. ही वही खरी कामावरच्या नीलमताईंनी दिलीय, भट्टीत काय घातलं नि काय निघालं ते लिहायला. "शिवा, रोज दोन ओळी लिही. डोक्यावर भरवसा ठेवू नकोस." नववीत शाळा सोडली त्यानंतर मी फक्त लोकांचे पत्ते वाचलेत, डिलिव्हरीला. पण ठीक आहे. पुढून भट्टीचं लिहीन, मागून माझं.

तर आता खरं लिहितो. मी स्टीलमध्ये नाहीच आहे. मागच्या गणपतीनंतर सोडलं. भाईंदर पूर्वेला पॉलिशच्या मशीनवर होतो, शिंकलो तरी काळं निघायचं. मग डिलिव्हरी केली, मग एका टॉवरखाली वॉचमन, मग टेम्पोवर. माझं बूड एका जागी टिकत नाही हे आईपण बोलते. टेम्पोतून मातीच्या गोण्या टाकायला भाईंदर पश्चिमेच्या डोंगरीला नीलमताईंच्या मातीच्या भांड्यांच्या शेडमध्ये गेलो. तिथे चाक दिसलं. मी बोललो, दाखवू का काढून, कुंभाराचा पोरगा आहे. घरचं चाक काठीने फिरवायचं, हे विजेचं, पायाखाली बटण. पाय पडला जोरात आणि गोळा उडून थेट भिंतीवर. तिथे सलोनी म्हणून एक मुलगी ग्लेझ, म्हणजे भांड्यांची चकाकी, लावायचं काम करते, समुद्राकाठच्या पालीची. ती इतकी हसली की पोट धरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो सोडला.

म्हणजे बघा. घरातून निघताना मी बाबांच्या तोंडावर बोललो होतो, "मला चिखलात आयुष्य काढायचं नाही." आणि आता माती मळतोय. कुठल्या तोंडाने सांगू? ठरवलंय. माझ्या एकट्याच्या हातचं भांडं भट्टीतून धड निघालं पाहिजे आणि ते कोणा अनोळखी माणसाने पैसे देऊन घेतलं पाहिजे. त्या दिवशी सांगेन. तोपर्यंत मी गोण्या उचलणारा, आणि घरी सांगायला स्टीलवाला. खोलीत माझ्यासोबत दिपेश राहतो, तो आमच्याच वाडीचा. त्याला आईची शपथ घातलीय.

१२ जानेवारी

मोठी ऑर्डर. जितेशभाईंचं केबिन रोडला फरसाणचं दुकान आहे, आता वरच्या मजल्यावर हॉटेल काढतायत. मूळचे कच्छचे.

"नीलमबेन, अपने को रेगिस्तान चाहिए. थाली, वाटका, ग्लास, सब. आदमी बैठे तो लगना चाहिए रण में बैठा है. एसी चालू रहेगा, वो बात अलग."

मोबाईलवर फोटो दाखवले. वाळूचे डोंगर, उंट, सूर्य. पाडव्याच्या आधी माल पाहिजे. नीलमताई हो बोलून मोकळ्या. ते गेल्यावर आमच्याकडे वळल्या. "वाळवंट कोणी बघितलंय?"

मी संगमेश्वरकडचा. ताई दादरच्या, बँकेतली नोकरी सोडून इकडे आलेल्या. 

सलोनी बोलली, "उंट बगितलाय मी. जुहूला."

१४ जानेवारी

संक्रांत. केबिन रोडला सुगडं मांडली होती रांगेने. एक उचलून वाजवलं. कच्चं भाजलेलं, आवाज बसका. बाई बोलली, "लेना है तो लो, तबला मत बजाओ." घेतलं. का घेतलं माहीत नाही, खोलीत कोण पूजा करणार आहे. खिडकीत ठेवलंय, टूथब्रश ठेवायला चांगलं आहे.

दिपेश परवा गावाहून आला, तांदूळ घेऊन. माझा वाकडा मग, मी पहिल्यांदा केलेला, तो खोलीतून गायब आहे. दिपेश बोलतो फुटला. तुकडे कुठे विचारलं तर बोलतो टाकले. पोरगा नजर देत नव्हता. फुटला तर फुटला, एवढं काय लाजायचं.

संध्याकाळी फोन केला तिळगुळाचा. सुलू बोलली, "बाबा विचारतायत, थंडीत हाताला भेगा पडतायत का? रात्री खोबरेल लाव म्हणतात." आता पॉलिशवाल्याच्या हाताला चटके बसतात, भेगा कशाला पडतील? भेगा मातीवाल्याला. म्हातारपण आलं बहुतेक. डोक्यात एकच विषय, सगळ्यांचे हात त्यांना स्वतःच्याच हातासारखे वाटतात.

खोबरेल लावलं. बरं वाटलं.

२० जानेवारी

ताईंनी मला नमुने करायला दिले! बोलल्या, चाकावर तू बस, मी ग्लेझचं बघते. मी व्हिडिओ बघून बघून वाळूचे डोंगर ताटलीच्या कडेने काढले, बोटांनी, एकामागे एक. मला फार आवडले. जितेशभाई आले ते आईला घेऊन. हंसाबा. लग्न होऊन इकडे आल्या तरी अजून गावचं पाणी आठवतं म्हणतात. छोटीशी बाई, डोळ्यावर जाड भिंग, हातात बटवा. ताटली हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं.

"आ तो दरियो छे."

"बा, रण है," जितेशभाई बोलले.

"रण क्यां छे? मोजा छे, मोजा. इसमें होडी चलाओ."

 मग ताईंनी ताटली उजेडात धरली आणि त्याच हसायला लागल्या. खरंच की. लाटाच होत्या. मी जन्मात काय पाहिलंय? ताई बोलल्या, "शिवा, तुझ्या बोटांत कोकण भरलंय."

सलोनीने दिवसभर मला "खलाशी" म्हणून हाक मारली. ओ खलाशी, पाणी आण. ओ खलाशी, गोणी उचल. या पोरीला दुसरं काम नाही.

एक गोष्ट ताईंनी दाखवली. माझ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला अंगठ्याचा ठसा असतो. चाकावरून काढताना मी दाबतो म्हणे. मला माहीतच नव्हतं. बाबा तसं करतात, आजोबापण करायचे, पण ते जुने लोक.

२९ जानेवारी

आजचा दिवस भारी गेला, म्हणून सगळं लिहितो.

मी ताईंना बोललो, वाळवंट म्हणजे वाळू. मग मातीत वाळूच घालू, हाताला खरखरीत लागेल. ताईंना आवडलं, पण त्या एका क्लासला निघाल्या होत्या. "नदीची बारीक वाळू मिळते का बघ." नदी कुठून आणू? समुद्र दोन वळणांवर आहे. सलोनी बोलली, "आमच्या पालीला वाल्लू काय कमी हाय?" तिच्या स्कूटीवर गेलो. ती चालवत होती, मी मागे बादली धरून. पालीच्या गल्ल्या एवढ्या बारीक की समोरून दुसरी गाडी आली तर एकाने उतरायचं. समोरून आली ती तिच्या मावशीची. मावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोन ह्यो?"

"कामावरचा. वाल्लू पायजे त्याला."

"इकत घे म्हनाव."

मग तिच्या घरी बोंबील आणि भाकरी. तिची आई आग्रहाने वाढत होती, मी किती खाल्लं विचारू नका. वाळूत बोंबील वाळवायच्या काठ्या, पोरं क्रिकेट खेळतायत, आणि सलोनी पदर... म्हणजे ओढणी कमरेला खोचून चाळणीने वाळू चाळतेय. ती चाळताना जीभ थोडी बाहेर काढते. लहान मुलं चित्र काढताना काढतात तशी.

वाळू चांगली मिळाली. चकाकते. बारीक बारीक पांढरं काहीतरी आहे त्यात, सुंदर दिसतं.

५ फेब्रुवारी

भट्टी उघडली आणि मी उडीच मारली. ताटल्या वाळूसारख्या, पिवळट, खरखरीत, उन्हाचा तुकडा हातात घेतल्यासारखं. ताईंनी पाठ थोपटली. सलोनीने खलाशी म्हणणं बंद केलं, आता "शेठ" म्हणते. जितेशभाईंनी फोटो बघून अंगठे पाठवले, भरपूर.

सगळ्या दोन फळ्या भरून ठेवल्यात. आता पुढचं पूर्ण काम याच मातीत.

८ फेब्रुवारी

सकाळी शेडचं कुलूप काढलं तर आतून आवाज. टिक. मग थोड्या वेळाने परत टिक. मला वाटलं पाल. बत्ती लावली. ताटल्यांवर पांढरे खड्डे. माझ्यासमोर एका ताटलीवरून नखाएवढी टिकली उडाली आणि माझ्या पायाशी पडली. टिक. मग दुसरी.

ताई आल्या, एक खड्डा भिंगातून बघितला आणि कपाळाला हात लावला. शिंपले. वाळूतलं ते सुंदर पांढरं म्हणजे शिंपल्यांचा चुरा. भट्टीत त्याचा चुना झाला, आणि चुन्याला आपल्या दमट हवेतलं पाणी लागलं की तो फुगतो आणि वरची माती उडवतो. आज नाही तर उद्या, प्रत्येक ताटली फुटणार.

"मी बघायला पाहिजे होतं," ताई बोलल्या. "वाळू कुठली विचारलंच नाही मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वॉचमन होतो तिथला सुपरवायझर कसा, आई-बहिणीवरून शिव्या द्यायचा. तिथून रागाने निघून तरी येता यायचं. इथे निघायला राग पाहिजे ना.

सगळ्या ताटल्या मीच फोडल्या, गोणीत घालून. सलोनी बाजूला उभी होती. बोलली, "वाल्लू माजीच व्हती." आणि एक ताटली तिने फोडली. जोरात.

९ फेब्रुवारी

सुलूचा फोन. मी वैतागलेलो, तोंडातून निघून गेलं, "सगळा माल फुटला गं."

"स्टील फुटतं होय रे दादा?"

"फुटला म्हणजे चेपला. पोचे आले."

ती हसायला लागली ती थांबेचना. मागून बाबांचा आवाज, "वाळूत शिंपले आले असतील. म्हणावं नदीची घे, नाहीतर घालूच नको." मी विचारलं, बाबा कोणाशी बोलतायत? सुलू बोलली, "कोणाशी नाय, असेच." वाडीत कोणाचं तरी बांधकाम चालू असेल. बाबा गवंड्यालापण शिकवायचे.

११ फेब्रुवारी

सोडायचं ठरवून निघालो होतो. लिहायला लाज कशाला. दिपेशच्या ओळखीने एका गोडाऊनला जागा आहे, रोजची हजेरी, डोक्याला ताप नाही. डोंगरीहून स्टेशनची बस पकडली आणि खिडकीत बसलो. राई गावाच्या पुढे मिठागरं लागतात. रोज लागतात. रोज मी मोबाईलमध्ये असतो. आज मोबाईल बघायचं मन नव्हतं.

बसमधून ओरडलो, थांबवा थांबवा. कंडक्टर बोलला, "स्टॉप नाही, उलटी आलीय का?" हो बोललो.

सपाट. नजर जाईल तिथपर्यंत सपाट. लांब टॉवर धुरकट, मधे काहीच नाही. एका बंद पडलेल्या कोपऱ्यात चिखल सुकून त्याला भेगा गेलेल्या, प्रत्येक भेगेच्या कडेला पांढरी झालर, मिठाची. ऊन वरून आणि ऊन खालूनपण. डोळे बारीक करून उभा राहिलो. बाजूला बगळा नसता तर मी शपथेवर बोललो असतो की कच्छला आलोय.

"ओ! चपला काड आदी!"

एक म्हातारा मिठाचे ढीग ओढत होता. नाव महिपत. बोलला, "हे पायांनी तुडवून तुडवून केलेलं आंगन हाय. चपला घालून न्हाय यायचं. मीठ रुसतं."

चपला हातात घेतल्या. सांगितलं की वाळवंट शोधतोय.

"वालवंट? भायंदरला?" त्याने चारी बाजूंना बघितलं, जसं कुठे पडलंय का बघतोय. मग डोकं खाजवलं. "आसंल. आमी कुटं बगतो."

मी त्याला विचारून चिखल घेतला, आणि एका कॅनमध्ये मिठाचं दाट पाणी. हे पाणी मातीत घातलं तर काय होईल? मला काही माहीत नाही. म्हणून तर घालायचं. महिपतबाबा बोलला, "पानी न्हेतो आनि मीठ न्हाय? येडा हाय का?" आणि वर मूठभर मीठ पिशवीत घातलं, घरी न्यायला.

गोडाऊनवाल्याला फोन करायचा राहिला.

१२ फेब्रुवारी

ताई पहिल्यांदा नाही बोलल्या. विजेच्या भट्टीत मीठ घातलं तर आतल्या तारा खराब होतील. मग कॅनकडे बघत बसल्या. मग मोबाईलमध्ये काहीतरी वाचत बसल्या. मग बोलल्या, "मागची जुनी गॅसची भट्टी साफ कर. आणि शिवा, नमुनेच. चारच वाट्या. आणि यावेळी काय काय घातलंस ते पुढच्या बाजूला लिही!"

लिहिलंय पुढे.

१४ फेब्रुवारी

केबिन रोडला लाल फुगे. सलोनीच्या डब्याच्या पिशवीत गुलाब होता. मी काही विचारलं नाही. मला काय करायचंय.

संध्याकाळी कळलं, तिच्या भाचीने शाळेतून आणलेला, कागदाचा. तीन वर्षांची भाची. सान्वी. गोड नाव आहे.

१९ फेब्रुवारी

काहीतरी होतंय. खाऱ्या पाण्याने मळलेल्या वाट्या सुकतायत आणि त्यांच्या अंगावर पांढरं चढतंय, आपोआप. कडेला जास्त, पोटाला कमी. मी पुसायला गेलो तर ताई ओरडल्या, "हात लावू नकोस!" पाणी सुकताना मीठ आतून बाहेर येतं. जिथे बोट लागेल तिथलं जाईल.

उशीर झाला होता. चाकावरून काढताना अंगठे लावून झालेच होते, प्रत्येकीच्या बुडाला.

दुपारी सुलूचा व्हिडिओ कॉल. बाबा मागे ओटीवर चहा पीत होते. आमच्या घरी पेले आहेत, पण बाबांच्या हातात काहीतरी कानवालं होतं, जाडं, तिरकं. विचारणार तेवढ्यात नेट अडकलं. तालुक्याच्या बाजारात आता काहीही मिळतं.

२४ फेब्रुवारी

कसं लिहू.

भट्टी गार व्हायची वाट बघत आम्ही तिघं बाहेर दगडावर बसलो होतो. सलोनी आणि मी एकाच पिशवीतले चणे खात होतो. ताईंनी झाकण काढलं.  मग एक वाटी बाहेर काढून माझ्या हातात दिली, गरम होती अजून.

बाहेरून पांढरट, साय धरल्यासारखी. त्यातून लाल माती कुठे कुठे डोकावतेय. कडेला बारीक बारीक रेषा, मिठागराच्या भेगांसारख्या. मी काहीच काढलं नव्हतं. बोटांनी काढायला गेलो तेव्हा समुद्र आला, आणि आता मी नुसतं पाणी घातलं तर हे.

वाटी उलटी केली. पांढऱ्यात एक लाल अंगठा. स्वच्छ, ओलसर वाटावा असा.

सलोनीने वाटी घेतली, त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. बोलली, "मोटा हाय तुजा." आणि ठेवूनच राहिली.

मग मी आत जाऊन उगाच माती मळली. मळलेलीच होती.

२६ फेब्रुवारी

हंसाबा आल्या. यावेळी स्वतः रिक्षा करून, जितेशभाई मागून धावत. "बा, मैं ला रहा था ना गाडी."

त्यांनी वाटी घेतली. भिंग वर केलं, नाकाला लावली वाटी. मग काय करावं? जीभ काढून बाहेरून चाटली.

"बा! कटोरी है वो, खाना नहीं है!"

"खारो छे," हंसाबा बोलल्या. ताई नंतर मला सांगत होत्या की भट्टीत मीठ उरत नाही, चव लागणार नाही. पण त्यांना लागली. त्यांनी वाटी छातीशी धरली आणि माझ्याशी बोलायला लागल्या, अर्धं गुजराती अर्धं हिंदी. त्यांच्या माहेरी पाण्याचा मटका असाच होता म्हणे. बाहेरून धोळो, कुठे कुठे लाल. कुंभाराकडचं पाणीच खारं, म्हणून मटके पांढरे. "किधर से लाया ये माटी? भुज से?"

"राईसे, बा. भाईंदर वेस्ट."

त्या हसल्या, तोंडात दात थोडेच. "तो रण इधर आ गया, मेरे पीछे पीछे. पचास साल लगा उसको."

जितेशभाई बाजूला जाऊन डोळे पुसत होते आणि फोनवर कोणाला तरी ओरडत होते की एसीचं काम का थांबलंय.

ऑर्डर पक्की. जेवायची बाजू ग्लेझची, बाकी उघडी. मला रोज चाकावर बसायचंय आता. महिपतबाबाला मी कॅन घेऊन येताना बघितलं की तो लांबूनच ओरडतो, "आला वालवंटवाला! चपला!"

२ मार्च

आज आनंद व्हायला पाहिजे होता.

सुलू बोलली, "दादा, बाबांनी कौलं परतून घेतली. सगळं छप्पर नवीन. तुझ्या पैशातून."

"कुठल्या पैशातून?"

"अरे, तू पाठवलेल्या! खात्यातले काढ म्हणाले. संक्रांतीनंतरच म्हणाले, मीच बँकेत जायला उशीर केला."

बाबांनी स्टीलचे पैसे घेतले. म्हणजे मी जिंकलो. दोन वर्षं भांडलो तेच तर हवं होतं. मग हे टोचतंय का? बाबा एवढे पक्के. आमच्या वाडीत कोणी एवढं पक्कं नाही. आणि वाकले कशासाठी, तर माझ्या खोट्यासाठी. त्यात पॉलिशच्या दिवसांचेही पैसे आहेत, पण अलीकडचे सगळे तर मातीचेच आहेत, आणि त्यांना ते स्टीलचे समजून घ्यावे लागले. गिळताना काय वाटलं असेल त्यांना.

सलोनीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग बोलली, "सनक्रातीनंतर? आनि तुजा मग कवा फुटला?"

"संक्रांतीच्या आधी. त्याचा काय संबंध?"

तिने ओढणी कमरेला खोचली. "काय न्हाय. तू माती मळ, शेठ."

५ मार्च

शिमगा. वाडीत पालखी नाचत असेल. दिपेश गेला, मी नाही गेलो. समोर उभं राहून खोटं बोलायला जमणार नाही. जाताना दिपेश बोलला, "चल की, काय होतंय? कोण तुला खाणार नाय." मी बोललो, तुला काय माहीत. तो बोलला, "मला काय माहीत," आणि दात काढत गेला.

शेडमध्ये एकटाच होतो. ऑर्डरचा शेवटचा घाणा उतरवला. मग स्वतःसाठी चार वाट्या काढल्या. ताईंनीच सांगितलेलं, रविवारी दारात टेबल मांडतात त्यावर एक कोपरा माझा. डोंगरीला फिरायला येणारे लोक घेतात काही काही. या वाट्या कोणी सांगितलेल्या नाहीत. आमच्याकडे जेवताना कढीला जी खोलगट वाटी असायची, बाबांनी केलेली, स्टील यायच्या आधीची, तसलीच काढली. आकार हाताला पाठ होता. मला वाटलं होतं विसरलो.

यावेळी अंगठा मुद्दाम दाबला.

१५ मार्च

रविवार. जितेशभाईंचा माल काल गेला, टेम्पोने, मीच चढवला, टेम्पोवाल्याला बोललो गचके देऊ नको, आत वाळवंट आहे. तो बोलला पावती दाखव.

आज टेबल मांडलं. माझ्या कोपऱ्यात चार वाट्या. लोक आले, ताईंचे मग घेतले, सलोनीच्या माशांच्या ताटल्या घेतल्या. माझ्या वाट्या उचलायचे आणि ठेवायचे. एक बाई बोलली, "इस पे सफेद क्या लगा है, धुलेगा?" मी चहा प्यायला निघून जायचो आणि दहा पावलांवरून परत यायचो.

दुपारी रिक्षा थांबली. हंसाबा. बटवा हातात. मला वाटलं हॉटेलचं काही राहिलं. त्या टेबलाशी आल्या, माझ्या चारही वाट्या एकेक करून वाजवल्या. उलट्या केल्या. अंगठा बघितला.

"आ कोणे बनावी?"

"मी. मैंने. अकेले."

"कितना?"

ताईंनी दोनशे लिहिलं होतं. सांगितलं.

"दोसो? चोर छे. सोना का है? सौ."

माझ्या तोंडातून निघालं, "बा, मीठ घरून घातलंय." सलोनीने मागून मला कोपर मारलं. हंसाबा एकशेवीसला आल्या, मी एकशेऐंशीला. त्या निघाल्या, खरंच रिक्षापर्यंत गेल्या, एक पाय आत ठेवला, आणि परत आल्या. शेवटी एका वाटीचे एकशेसाठ.

त्यांना फुकट दिल्या असत्या तरी चाललं असतं, सलोनी नंतर बोलली. मी बोललो, नाही. बाबा सांगायचे, भाव करतो त्यालाच भांडं हवं असतं. आणि मीच आता बाबांचं वाक्य बोलतोय.

हंसाबा अनोळखी म्हणता येणार नाहीत, त्यांनी माझी वाटी चाटलीय. पण पैसे स्वतःच्या बटव्यातले दिले, हॉटेलचे नाहीत, आणि वाट्या घरी खायला नेल्या. मी ताईंना भट्टीचा वाटा देऊ लागलो. ताई बोलल्या, "पुढच्या वेळेपासून. पहिले पैसे आपल्या घरी जातात." सलोनी बोलली, पुढच्या शिमग्याला पालखी बघायला ती येणार आहे, तिच्या मावशीला घेऊन. तिने विचारलं नाही, सांगितलं.

आता शेडच्या पायरीवर बसून सुलूला लिहितोय, आणि आधी इथे लिहून बघतो, चुकायला नको.

सुलू, बाबांना वाचून दाखव. मी स्टील कधीच सोडलंय. मी माती करतो. शेडचं नाव, चाक, सगळं फोनवर सांगीन, बाबा रागावले तर रागावू देत, ऐकून घेईन. हे पैसे पगाराचे नाहीत, पगाराचे एक तारखेला येतील तेव्हा येतील. हे माझ्या चार वाट्यांचे आहेत, कढीच्या वाटीसारख्या, एका म्हाताऱ्या बाईने भाव करून घेतल्या. खात्यात ठेवू नकोस. उद्याच बँकेत जा, नोटा काढ आणि बाबांच्या हातात दे. त्यांचे हात मातीचे असले तरी चालेल, धुवायला सांगू नकोस.

पाठवतोय. सहाशे चाळीस रुपये.